कट्ट्यावर सावली नको: स्वयंपाकघरातल्या दिव्यांचं नियोजन

सांगली-मिरजेकडची कुठलीही पाच-दहा स्वयंपाकघरं बघा. दहा बाय आठची खोली, एका भिंतीला काळ्या ग्रॅनाइटचा कट्टा, आणि ट्यूब? ती कट्ट्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, दाराच्या डोक्यावर. वायरिंगच्या दिवशी वायरमन विचारतो, "वहिनी, ट्यूब कुठं मारू?" वहिनींचं सगळं लक्ष फरशीवाल्याकडं असतं. "मारा की, पाइप आलाय तिथंच." झालं. पुढं वीस वर्षं त्या घरात कांदा चिरणारं माणूस स्वतःच्याच सावलीत चिरतं.

मग कधीतरी दिवाळीच्या सफाईत "इथं अंधारच वाटतो" म्हणून वीस वॅटची ट्यूब काढून तीसची लावली जाते. खोली झगझगते, कट्ट्यावरची सावली मात्र आणखी काळी होते. दिवा पाठीमागं असेल तर तो कितीही मोठा करा, अंगाची सावली हातावर पडणारच. म्हणून या लेखात सगळा हिशोब कट्ट्यापासून, म्हणजे काम करणाऱ्या हातापासून सुरू केला आहे. छताचं, शोभेचं नंतर बघू.

आधी कागद, मग दुकान

खोलीचा ढोबळ नकाशा काढा. प्रमाणात नसला तरी चालतो, पण मापं लिहा: कट्ट्याची लांबी आणि रुंदी, वरची कपाटं असतील तर त्यांची खोली आणि कट्ट्यापासूनची उंची, छताची उंची, खिडकी, दार, फ्रिज. मग जिथं जिथं हात काम करतात तिथं फुली मारा. बहुतेक घरांत चार-पाचच फुल्या पडतात: चिरायची जागा (सिंक आणि शेगडी यांच्या मधला पट्टा), शेगडी, सिंक, मिक्सर, आणि भाकरी थापायची किंवा कणीक मळायची जागा. शिवाय डब्यांची मांडणी किंवा कोठीचं कपाट, कारण तिथं हात थोडा वेळ आणि डोळे जास्त वेळ जातात.

आता अंधार पडल्यावर, नेहमीचे दिवे लावून, प्रत्येक फुलीपाशी उभं राहा. कट्ट्यावर पांढरा कागद ठेवा आणि चिरताना धरतो तसा हात त्यावर धरा. डोक्याची आणि खांद्याची सावली कागदावर पडते का? बोटांच्या कडा स्पष्ट दिसतात का? ही तपासणी घरात जे रोज स्वयंपाक करतं त्यानंच करायची. पाच फुटांच्या सासूबाईंची सावली आणि साडेपाच फुटांच्या सुनेची सावली वेगवेगळ्या जागी पडते. दोघी कट्ट्यावर उभ्या राहत असतील तर दोघींनीही बघावं.

दिवसाचा उजेडही एकदा तपासा, सकाळी अकराच्या सुमारास. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात एक्झॉस्ट पंखा, खालच्या अर्ध्या भागात तेलकट जाळी, आणि ग्रिलवर सुकत टाकलेले फडके, अशी अवस्था असेल तर दिवसाही बटण दाबावं लागतं. पंख्यासाठी भिंतीत वेगळं भोक पाडता येत असेल तर खिडकी मोकळी करा. हा सगळ्यांत स्वस्त दिवा. एक लक्षात ठेवा: रात्री उघडी काच उजेड बाहेर घालवते. कट्ट्यासमोर मोठी खिडकी असेल तर संध्याकाळी फिकट रंगाचा रोलर पडदा खाली ओढा, तोच उजेड पुन्हा खोलीत येतो. मात्र शेगडीजवळच्या खिडकीला कापडाचा पडदा अजिबात नको.

किती उजेड? थोडं गणित

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. स्वयंपाकघरात वावरायला १०० ते २०० लक्स पुरतात. चिरायला, निवडायला, शिजलेलं तपासायला ३०० ते ५०० लागतात.

दहा बाय आठची खोली ८० चौरस फूट. चौरस मीटर करायला १०.७६ नं भागा, साधारण ७.४ आले. सर्वसाधारण उजेड १५० लक्स धरला तर ७.४ गुणिले १५०, म्हणजे सुमारे १,१०० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या उंचीपर्यंत पोचत नाही. भिंती, कपाटं, माळा जवळजवळ अर्धा गिळतात. म्हणून दुप्पट धरा: २,००० ते २,२०० ल्युमेन. म्हणजे वीस-बावीस वॅटची एक चांगली एलईडी ट्यूब. फक्त खोलीचा प्रश्न असता तर आपली ती जुनी एक ट्यूब पुरली असती, हे गणितातूनच दिसतं.

आता कट्टा. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे १६ चौरस फूट, सुमारे १.५ चौरस मीटर. तिथं ४०० लक्स हवेत, म्हणजे ६०० ल्युमेन; दुप्पट करून १,२००. बारा-पंधरा वॅटमध्ये काम होतं. तीसची ट्यूब आणण्याऐवजी वीसची तिथंच ठेवून पंधरा वॅट कट्ट्यावर आणले तर तीसच्या ट्यूबपेक्षा फक्त पाच वॅट जास्त लागतील, आणि फरक मात्र पहिल्याच संध्याकाळी कळेल.

गडद रंगाच्या ट्रॉल्या, काळा ग्रॅनाइट आणि चॉकलेटी टाइल्स असा संच असेल तर वरच्या आकड्यांत पंचवीस-तीस टक्के वाढवा. काळा ग्रॅनाइट पडलेला उजेड जवळजवळ परतच देत नाही. उलट कट्ट्यामागच्या टाइल्स फिकट असतील तर तोच दिवा दीडपट वाटतो. आणि घरात साठीच्या पुढचं माणूस स्वयंपाक करत असेल तर कट्ट्याचा उजेड वरच्या टोकाला, ५०० लक्सच्या आसपास ठेवा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली कमी उघडते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळं तेच काम करायला तरुण डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. "आईला आता तांदळातले खडे दिसत नाहीत" यात चष्म्याचा दोष असेल, पण निम्मा दोष ट्यूबच्या जागेचा असू शकतो.

कट्ट्यावरचा दिवा

इथं दोन प्रकारची घरं समोर येतात.

पहिला प्रकार: कट्ट्यावर भिंतीची कपाटं आहेत. विश्रामबागकडच्या नव्या फ्लॅटांत, रो हाउसमध्ये हेच चित्र. ही कपाटं बारा-तेरा इंच खोल, कट्ट्यापासून वीस ते चोवीस इंच वर. छतावर कुठंही दिवा लावला तरी कपाटाची सावली कट्ट्याच्या मागच्या भागावर आणि आपली सावली पुढच्या भागावर. म्हणून दिवा कपाटाच्या तळाला लावायचा. एलईडी स्ट्रिप ॲल्युमिनियमच्या पट्टीत, वर दुधी झाकण घालून.

स्ट्रिप कपाटाच्या कुठल्या कडेला लावायची यावरून सुतार आणि वायरमन यांच्यात हटकून वाद होतो. भिंतीकडं लावली तर टाइल्स उजळतात, फोटो छान येतो, पण हातापुढं अंधुकच. पुढच्या कडेला लावून तोंड किंचित मागं, भिंतीकडं वळवलं तर पूर्ण कट्टा उजळतो. मी पुढच्या कडेच्याच बाजूचा आहे. फक्त कपाटाच्या तळाला समोरून दीड इंचाची पट्टी सुताराकडून मारून घ्या, म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात उजेड घुसत नाही. दुधी झाकण वगळू नका. ते नसेल तर पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये एकेका एलईडीचा ठिपका दिसतो आणि कट्ट्यावर चांदण्या पडल्यासारखं वाटतं. दोन दिवस मजा, मग डोळे दुखतात. झाकण तीसेक टक्के उजेड खातं, ते गणितात धरा.

ॲल्युमिनियमची पट्टी शोभेसाठी नसते. एलईडी गरम होतात, ती उष्णता पट्टीतून बाहेर जाते. थेट प्लायवुडला डिंकानं चिकटवलेली स्ट्रिप वर्षा-दोन वर्षांत फिकी पडते किंवा वाफेनं सुटून लोंबते. मीटरला आठ ते दहा वॅटची, मीटरला १२० एलईडी असलेली स्ट्रिप पुरे. जास्त दाट एलईडी म्हणजे रेघ एकसारखी.

सगळ्यांत महत्त्वाचं: स्ट्रिप १२ किंवा २४ व्होल्टचीच घ्या. बाजारात थेट २३० व्होल्टवर चालणारी रोप लाईट रोलनं मिळते, स्वस्त असते, गणपतीच्या आराशीत झळकते. ती ओल्या हाताच्या उंचीवर, कट्ट्याच्या वर लावायची वस्तू नाही. कापलेल्या टोकाचं झाकण निघालं की आत थेट मेन लाइन असते. १२ व्होल्टच्या स्ट्रिपला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे १२ करून देणारा छोटा डबा, लागतो. आठ फुटांची, म्हणजे अडीच मीटरची, दहा वॅटची स्ट्रिप २५ वॅट घेते. ड्रायव्हर ३० ते ३६ वॅटचा घ्या, काठोकाठ नको. तो कपाटाच्या वर, हवा लागेल आणि हात पोचेल असा ठेवा. चिमणीच्या पाइपाला चिकटवून कोंबलेला ड्रायव्हर आधी मरतो, स्ट्रिप ठणठणीत असते, आणि दुकानदार दोन्ही नवीन विकतो. एल आकाराचा कट्टा असेल आणि स्ट्रिप पाच मीटरच्या पुढं जात असेल तर २४ व्होल्टची घ्या किंवा ड्रायव्हरपासून दोन्ही बाजूंना वेगळ्या वायरी न्या; नाहीतर शेवटचं टोक मंद दिसतं.

दुसरा प्रकार: वर कपाटं नाहीत. गावभागातली जुनी घरं, खेड्यातली नवी घरं, भाड्याच्या खोल्या. भिंतीवर मांडणी किंवा एखादी कडाप्प्याची फळी, त्यावर डबे. फळीच्या खाली, पुढच्या कडेला, साधी चार फुटी टी-५ ट्यूब लावा. ती थेट २३० व्होल्टवर चालते, पण बंद फिटिंगमध्ये असते, दोन स्क्रूवर बसते, खराब झाली तर तासाभरात बदलता येते. खर्च किरकोळ, फायदा स्ट्रिपइतकाच. भाडेकरूंना तर हाच मार्ग. मात्र वायर लोंबकळत ठेवू नका, पट्टीतून न्या, आणि सिंकच्या वरून नेऊ नका.

फळीही नसेल तर छतावरचा दिवा पुढं आणा. कट्टा दोन फूट रुंद आहे, तर दिव्याचा मध्य भिंतीपासून चोवीस इंचांवर, म्हणजे कट्ट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे. मग उजेड कपाळासमोरून खाली पडतो. छतातले गोल दिवे लावत असाल तर दोन दिव्यांत साडेतीन ते चार फुटांचं अंतर, आणि उजेड रुंद पसरवणारे. अरुंद झोताचे दिवे कट्ट्यावर गोल डाग पाडतात.

शेगडी, सिंक आणि बाकीचे कोपरे

चिमणीत दिवे असतातच, पण बरेचदा ते मिणमिणते असतात. चिमणी घेताना दुकानात ते लावून बघा. भाकरी फुगली की नाही, डाग पडले की करपली, हे त्याच उजेडात ठरतं. शेगडीच्या थेट वर स्ट्रिप किंवा प्लॅस्टिकची ट्यूब लावू नका. बर्नरच्या दोन्ही बाजूंना फूटभर मोकळं सोडा. चिमणी नसेल तर शेगडीच्या बाजूनं येणारा दिवा ठेवा, डोक्यावरचा नको: वाफ आणि तेल सरळ वर जातं आणि दिव्यावर बसतं.

सिंकवर शिंतोडे उडतात. तिथं बंद फिटिंग, खोक्यावर आयपी ४४ किंवा आयपी ६५ (पाणी-धूळ किती अडवतं त्याचं माप) लिहिलेलं.

कोठी किंवा खोल कपाटात दार उघडलं की पेटणारा छोटा सेन्सरचा दिवा पुरतो. देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर त्याला स्वतःचा छोटा पिवळसर दिवा आणि स्वतःचं बटण द्या. जेवणाच्या टेबलावर लोंबता दिवा हवाच असेल तर टेबलाच्या पृष्ठभागापासून तीस इंचांच्या आसपास. पण टेबल शेगडीपासून हाताच्या अंतरावर असेल तर तो दिवा फोडणीचं तेल आणि धूळ गोळा करायचं भांडं होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पांढरा की पिवळा?

यावर घरोघरी मतभेद. आपल्याकडं पिवळा उजेड म्हणजे जुना साठचा बल्ब, म्हणजे गरिबी, आणि निळसर पांढरा म्हणजे "लख्ख". त्यामुळं ६,५०० केल्विनचा कूल डेलाईट सर्रास खपतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्याच्याखाली घासलेलं पातेलं चमकतं खरं, पण पोळी फिकट आणि वरण आजारी दिसतं. दुसऱ्या टोकाला २,७०० ते ३,००० केल्विनचा वॉर्म व्हाईट: जेवायला बसल्यावर सुरेख, पण निवडण-टिपण करताना थोडा सुस्त. कट्ट्यासाठी माझं मत ४,००० केल्विन, खोक्यावर नॅचरल किंवा न्यूट्रल व्हाईट लिहिलेलं असतं ते. छताचा दिवाही त्याच रंगाचा घ्या. एकाच कट्ट्यावर अर्धा निळा, अर्धा पिवळा उजेड पडला की डोळ्यांना सतत जुळवून घ्यावं लागतं.

केल्विनपेक्षाही महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय, वस्तूचे खरे रंग दिवा किती प्रामाणिकपणे दाखवतो त्याचं माप. शंभरपैकी असतं. ८० च्या खाली घेऊ नका, कट्ट्यावर ९० मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. ९० च्या दिव्याचा उजेड तेवढ्याच वॅटला किंचित कमी असतो, तो सौदा परवडतो.

आकड्यावर विश्वास नसेल तर दुकानात जाताना खिशात दोन पुड्या न्या: एक हळद, एक लाल तिखट. हळदीची आपल्याकडं वानवा नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि राजापुरी हळद घरात असतेच. पांढऱ्या कागदावर दोन्हीची चिमूट ठेवा, आधी दुकानाच्या दारात दिवसाच्या उजेडात बघा, मग दिव्याखाली. हलक्या दिव्याखाली हळद हिरवट-पिवळी आणि तिखट विटकरी, मातकट दिसतं. लाल रंगात हलके एलईडी सगळ्यांत आधी मार खातात. याचा व्यवहारात उपयोग? भडंगासाठी तेलात शेंगदाणे आणि लसूण परतताना खरपूस कुठं संपलं आणि करपट कुठं सुरू झालं, हे रंगावरूनच कळतं. मटण ताजं आहे की नाही, भाजी शिळी झाली का, तेही.

वायरिंग: भिंत बंद होण्याआधी

नवं घर बांधत असाल तर छताचे पॉइंट स्लॅब टाकण्याआधी ठरतात. स्लॅबच्या सळया बांधल्या की पाइप आणि जंक्शन बॉक्स बसवून घ्यायचे. तेव्हा कट्टा कुठल्या भिंतीला येणार हे नक्की नसेल तर नंतर पॉइंट भलतीकडं येतो आणि दिवा खोलीच्या मध्यावर लटकतो. कट्ट्याच्या दिव्यासाठी कपाटाच्या तळाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार-पावणेपाच फुटांवर, भिंतीतून वायर काढून ठेवा. तेव्हा गुंडाळी करून ठेवलेल्या मीटरभर वायरीला काही लागत नाही. टाइल्स बसल्यावर तीच गोष्ट करायची म्हणजे ग्राइंडर, धूळ आणि दोन फुटलेल्या टाइल्स, ज्यांचा जोड आता बाजारात मिळत नाही.

वायरमनशी बोलताना या गोष्टी स्पष्ट सांगा.

बटणं वेगळी हवीत: छताचा दिवा एक, कट्टा एक, बाकी एक. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला फक्त कट्ट्याचा दिवा लावता आला पाहिजे. छताच्या दिव्याचं बटण दाराजवळ, कट्ट्याचं कट्ट्याजवळ. पण शेगडीच्या मागं किंवा सिंकच्या शेजारी बोर्ड नको. सिलिंडरच्या डोक्यावरही नको: बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. गॅसचा वास आला तर कुठलंच बटण चालू किंवा बंद करायचं नाही, आधी रेग्युलेटर बंद आणि खिडक्या उघड्या, हे घरातल्या पोरांनाही माहीत हवं.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) भरपूर. मिक्सर, ओव्हन, फ्रिज यांची लाइन वेगळी. दोन्ही एका एमसीबीवर असतील तर ओव्हननं ट्रिप झालं की उकळत्या कढईसमोर मिट्ट काळोख होतो. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर आधी त्यावर खर्च करा, स्ट्रिप सहा महिन्यांनी लावली तरी चालेल.

इन्व्हर्टर असेल तर कट्ट्याचा दिवा त्यावर घ्या, छताचा नाही घेतला तरी चालेल. लाईट गेल्यावर गरज तिथंच असते, आणि पंधरा वॅटनं बॅटरीला काही होत नाही. इन्व्हर्टरवरच्या दिव्याची न्यूट्रलही वेगळी ओढलेली हवी. दोन न्यूट्रल एकत्र आल्या की आरसीसीबी विनाकारण पडतो आणि मग वायरमन तो आरसीसीबीच काढून टाकतो. ते करू देऊ नका.

फॉल्स सीलिंगबद्दल दोन वाक्यं. स्वयंपाकघरात त्याची गरज क्वचितच असते. छत आधीच नऊ-साडेनऊ फूट, त्यात सहा इंच जातात, आणि गोल दिव्यांच्या भोकांतून झुरळं वर घर करतात. पंख्याची जागा किंवा पाइप झाकायचे असतील तरच करा.

नदीकाठच्या घरांसाठी

सांगलीवाडी, गावभागाचा खालचा भाग, हरिपूर, तसंच कृष्णा-वारणेच्या काठची गावं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात आला त्यांना हे सांगायला नको, पण नव्यानं घर घेणाऱ्यांना सांगायला हवं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

तळमजल्याच्या स्वयंपाकघरात वायरिंग वरून खाली उतरवा, जमिनीतून नको. बोर्ड जितका वर घेता येईल तितका घ्या. ट्रॉल्यांच्या खालून, पायाशी चमकणाऱ्या स्ट्रिपा इथं टाळाच. तळमजल्याचा आणि वरच्या मजल्याचा एमसीबी वेगळा ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालचं बंद करून वर राहता येतं. पाणी ओसरल्यावर दिवा लागतो का म्हणून बटण दाबून बघायचा मोह होतो. तो आवरा. पाइपांत आठवडे-आठवडे ओल राहते. वायरमनकडून मेगर नावाच्या यंत्रानं वायरींचं इन्सुलेशन तपासून घेतल्यावरच लाइन चालू करा. भिजलेले ड्रायव्हर आणि एलईडी फिटिंग वाळवून वापरू नका, टाकून द्या.

खरेदी

एलईडी घरोघरी पोचला तो २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळं; त्याआधी हाच बल्ब चैनीची वस्तू होती. आता उलट झालंय, इतके प्रकार की निवडणं अवघड. खोकं हातात घेतलं की हे बघा: ल्युमेन (वॅटला ९० ते १०० च्या आसपास हवेत, २० वॅटला १,४०० लिहिलं असेल तर परत ठेवा), केल्विन, सीआरआय, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखालचा आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक, आणि सर्ज संरक्षण. शेवटचं आपल्याकडं महत्त्वाचं. वळवाच्या पावसात वीज कडाडली, लाईट गेली-आली की स्वस्त दिवे पटापट जातात, खोक्यावर २.५ किंवा ४ किलोव्होल्ट लिहिलेला दिवा तग धरतो. "पन्नास हजार तास" वगैरे आयुष्याचे आकडे एलईडीच्या चिपचे असतात. घरात आधी जातो तो ड्रायव्हर, आणि तो उष्णतेनं जातो. म्हणून आकड्यापेक्षा लेखी वॉरंटी बघा, बिल जपून ठेवा, आणि त्यावर तारीख आहे ना ते पाहा.

लुकलुक तपासायला मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्याकडं धरा. चित्रात पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा नको. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलका दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला सरळ दिसत नाही, पण मिक्सरचं किंवा पंख्याचं फिरतं पातं थांबल्यासारखं वाटतं आणि काहींचं डोकं दुखतं.

विजेचा खर्च? छताची ट्यूब २० वॅट आणि कट्टा १५ वॅट, रोज सहा तास लागले तर महिन्याला सव्वासहा युनिटच्या आसपास. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून बघा आणि "दोन-दोन दिवे कशाला" हा वाद मिटवा.

बसवून झाल्यावर

वायरमन जायच्या आत, पैसे द्यायच्या आधी, पुढच्या गोष्टी करून घ्या. सगळी बटणं बंद असताना एखादा दिवा मंद मिणमिणतो का? बटणात इंडिकेटर असेल तर तसं होऊ शकतं. नसेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. टेस्टर लावून तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. मग पुन्हा तोच पांढरा कागद कट्ट्यावर ठेवा, प्रत्येक फुलीपाशी उभं राहा. सावली राहिली असेल तर स्ट्रिपची पट्टी थोडी पुढं सरकवायला पाच मिनिटं लागतात. डिंक घट्ट झाल्यावर अख्खी संध्याकाळ जाते.

पुढची निगा फार नाही. कट्ट्यावरच्या दिव्यावर तेलाचा पातळ थर चढतोच. महिन्यातून एकदा बटण बंद करून, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून, घट्ट पिळून पुसा. स्प्रे थेट दिव्यावर मारू नका. मृगाचा पहिला पाऊस पडला की दोन-तीन संध्याकाळी पंखवाली वाळवी दिव्यावर तुटून पडते, आणि तिच्यामागं पाल येते. त्या दिवसांत सातनंतर कट्ट्याचा दिवा बंद ठेवून मागच्या अंगणातला एक लावा, पाखरं तिकडं जातील; जेवणं उरकली की भाजीवर ताट झाकायला विसरू नका. आणि दरवर्षी पाऊस संपला की छतातल्या दिव्यांची झाकणं काढून आतली मेलेली पाखरं झटका. उघड्या फटींच्या पॅनेलमध्ये ती साचून उजेडच अडवतात, आणि लोक दिवा जुना झाला म्हणून नवा आणतात.